मायेचा क्लब आणि विद्येची शाळा

चित्रपटावर लिहिताना आपल्याकडे कथा, अभिनय आणि गाणी यांच्यापलीकडे लेखणी सहसा जात नाही. नाटकाच्या बाबतीत निदान पडद्यांची आणि गालिचांची आठवण काढण्याची रीत आहे. गंधर्व कंपनीच्या थाटावर आपल्या वाडवडिलांनी भरभरून लिहिले, आणि ते वाचत आपण मोठे झालो. पण हिंदी बोलपटातला तो नाइटक्लब, जिथे झुळझुळीत पडदे असतात, कोपऱ्यात बँड वाजत असतो आणि धुरातून उजेडाचे पट्टे उतरतात, त्याच्याकडे मराठी समीक्षेने वळून पाहिलेले नाही. तो परका, पाश्चात्त्य, थोडासा पापी आणि म्हणून आपला नव्हे, असा काहीसा समज त्यामागे असावा. प्रस्तुत लेखकाला या समजाविषयीच चार शब्द लिहायचे आहेत.

त्यासाठी एकच क्लब घेऊ. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ (१९५५) या चित्रपटातला. कथा बहुतेकांना ठाऊक असेल. प्रामाणिकपणाचे पदक घेऊन मुंबईत आलेला एक तरुण ते पदक गहाण टाकतो. गरीब मुलांना शिकवणाऱ्या विद्येवर त्याचे प्रेम बसते, आणि पत्त्यांतली हातचलाखी हेरणाऱ्या मायेच्या तो हाती लागतो. नावांतच सगळे सांगून टाकलेले आहे. संस्कृतात माया म्हणजे भ्रम. आपल्या मराठीत मात्र माया म्हणजे ममताही आणि साठवलेला पैसाही. तिन्ही अर्थ या क्लबला लागू पडतात असे मला वाटते. ममतेचा अर्थ कसा, ते पुढे येईल.

आता हा क्लब कोणी उभारला ते पाहू. पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास यांच्या जोडीला व्ही. पी. साठे. कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर यांचे, ‘रूपदर्शिनी’ लिहिणारे आणि जन्मभर मानवी देहाची रेषा शिकवणारे आपले चित्रकार आचरेकर ते हेच. क्लबच्या दृश्यात नादिराने घातलेला गाऊन भानू अथय्या यांचा, म्हणजे कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या घरात १९२९ साली जन्मलेल्या भानुमतींचा. संकलन जी. जी. मयेकर यांचे. संगीत शंकर-जयकिशन यांचे, पण वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे आणि ठेका बांधणारे दत्ताराम वाडकरही गोव्याचेच. मायेला मिळालेला आवाज आशा भोसले यांचा. त्यांचा जन्म सांगलीकडचा. कॅमेरा तेवढा राधू कर्मकार या बंगाली माणसाच्या हाती होता. कोल्हापूर, सांगली, गोवा! या अंकाचे वाचक ज्या पट्ट्यात राहतात, त्याच पट्ट्यातून हा ‘पाश्चात्त्य’ क्लब मुंबईला गेला. घरात मराठी आणि दारात कन्नड किंवा कोकणी, अशा घरांना (आमच्याकडे दारात हिंदी असते, एवढाच फरक) परक्याचे घेऊन ते आपल्या हाताने नव्याने घडवणे काही अवघड जात नाही. ते आपले रोजचेच काम आहे.

क्लबचे वातावरण म्हणजे नेमके काय? कापड, उजेड आणि सूर. बाकी सगळे, टेबले, पेले, पत्ते, ही सामग्री. ‘श्री ४२०’ची मौज अशी की हा चित्रपट मुळापासून कापडाविषयी आहे. आरंभीचे प्रसिद्ध गाणेच अंगावरच्या ठिगळजोड कपड्यांविषयी आहे. नायक काम धरतो ते लाँड्रीत, आणि मायेच्या घरी प्रथम जातो तो इस्त्रीचे कपडे पोचवायला. परीटघडीच्या गाठोड्यातून तो श्रीमंतांच्या दुनियेत शिरतो. कपडे बदलले की माणूस बदलतो, हे तो क्लबमध्ये शिकतो. चांगला सूट अंगावर चढताच कालचा लाँड्रीवाला बड्या लोकांच्या जुगाराच्या टेबलावर बसू शकतो आणि त्याला कोणी कुळ-गाव विचारीत नाही.

अशा चित्रपटात मायेने काय नेसावे, हा केवळ शिंप्याचा प्रश्न राहत नाही. तिचा गाऊन अंगाला चिकटून खाली येतो आणि पायाशी घोळदार होतो. चित्र कृष्णधवल असल्यामुळे त्याच्या रंगाला काडीची किंमत नाही. रंगीत चित्रपटांवर वाढलेल्या पिढीला हे पटकन उमगत नाही. कृष्णधवल पडद्यावर कापडाचा पोतच रंगाचे काम करतो. मखमल उजेड गिळते, सॅटिन तो परत फेकते, जाळी थोडा अडवते आणि थोडा सोडते, आणि टिकल्या त्याचे तुकडे करून उधळतात. खादी, मलमल, सुती साडी उजेड नुसता धरून ठेवते. तिच्यावर तो पडतो आणि तिथेच थांबतो. त्याच क्लबमध्ये राज विद्येला घेऊन येतो. साडीतली विद्या तिथे अवघडून जाते, तिचा पाणउतारा होतो आणि ती निघते. कोण श्रीमंत, कोण गरीब हे संवादांनी सांगण्याआधी ते दोन वस्त्रांनी सांगून टाकलेले असते. एकीच्या अंगावरचा उजेड हालचालीबरोबर धावतो, दुसरीच्या अंगावरचा स्थिर राहतो. जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेल्या आणि पुरोगामी चित्रकारांच्या गटाबरोबर १९५३ साली चित्रे मांडलेल्या बाईंना हे ठाऊक नसेल कसे? त्यांनी गाऊन आखला तो चित्रकाराच्या डोळ्याने, फॅशनच्या नव्हे.

आणि मग कर्मकारांचा दिवा. असल्या दृश्यात प्रकाश समोरून देऊन भागत नाही. समोरच्या उजेडात सगळे सपाट होते, मुंजीच्या फोटोसारखे. मागून आणि बाजूने दिलेल्या उजेडाने खांद्याची कड उजळते, सिगारेटचा धूर दिसू लागतो आणि चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात राहतो. नादिराच्या हातातली ती लांब सिगारेट-नळी नखऱ्यासाठी आहेच, पण धुराशिवाय उजेडाला आकार येत नाही, हेही तिचे एक काम आहे. नीतीच्या दृष्टीने अर्ध्या चेहऱ्याचा अर्थ काय, हे विद्यार्थ्यांनाही सांगता येते. नायक विद्येच्या मागे जाण्यासाठी वळतो आणि माया त्याला गाण्याने अडवते, त्या क्षणी तोही उजेड-अंधाराच्या सीमेवरच उभा असतो.

इथे थोडे विषयांतर. असला आधुनिक दिवाणखाना हिंदुस्थानात खरोखर होता का? होता, आणि आमच्या इंदुरात होता. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. धातू आणि काच यांचे पलंग, सिल्व्हा ब्रुन्स यांचे गालिचे, ज्यांच्या अंगातच वाचनाचे दिवे बसवले आहेत अशा लाल चामड्याच्या खुर्च्या! युरोपातही त्या वेळी असे घर दुर्मीळ होते. ते सामान १९८० साली मोनॅकोमध्ये लिलावात गेले, वास्तूत सरकारी कर-खात्याचे कार्यालय आले, आणि २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात त्या महाराजांवर मोठे प्रदर्शन भरले. मी छत्रीबागेत राहतो. होळकरांच्या मृतांच्या छत्र्या आम्हां सामान्यांना येताजाता दिसतात. जिवंत होळकरांचा दिवाणखाना मात्र गावाने पाहिला नाही. गावाने पाहिला तो रीगल टॉकीजच्या पडद्यावरचा क्लब. माणिकबागेत काच खरी होती आणि चंदेरी लखलखही खरी होती. आचरेकरांच्या मंडळींनी लाकडी चौकट, प्लास्टर आणि कापड यांतून तोच झगमगाट उभा केला आणि तो काही आण्यांच्या तिकिटात लाखोंना दाखवला. कलेच्या इतिहासात पहिल्याचे नाव मोठे आहे. परिणामाच्या इतिहासात दुसऱ्याचे असायला हवे, असे माझे मत आहे.

सुरांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकी कृष्णवर्णीय बँड आला आणि त्या नृत्यशाळेत जॅझचे पर्व सुरू झाले. गोव्याहून आलेल्या वादकांनी ती विद्या तिथे आत्मसात केली. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला ते आधीच शिकलेले होते. त्यांच्यातल्या चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या हळदोण्याच्या ट्रम्पेटवादकाला आपण भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) बँडसह पडद्यावर पाहू शकतो, त्याचे संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र. दरम्यान १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. हॉटेलांतल्या रात्री मंदावल्या आणि वादकांचा ओघ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वाढला. म्हणजे खरे क्लब जसजसे फिके पडत गेले, तसतसे पडद्यावरचे क्लब सजत गेले. ‘श्री ४२०’चा क्लब हा अशा अर्धवट मिटलेल्या जगाची प्रतिमा आहे. त्यातले सूर मात्र खरे आहेत, कारण ते वाजवणारी माणसे त्या जगातून आलेली होती.

गाणे संथ, ओढाळ चालीत सुरू होते. मागे फिरू पाहणाऱ्याला ‘पुढे पाहा’ असे सांगणारे ते गाणे आशाबाईंचा आवाज हसत-हसत हाताळतो. मग पितळी वाद्ये चढतात, कोरस येतो, लय वाढते आणि गाणे मन्ना डे यांच्या आवाजाकडे जाते, म्हणजे नायकाच्या तोंडी येते. मोहात पाडणारी एक, पण मोहाचे तत्त्वज्ञान सांगू लागतो तो मोहात पडलेला! ही कल्पना गीतकार-संगीतकारांची असो की दिग्दर्शकाची, तिच्यात मानसशास्त्र आहे. आपला तोल गेला हे कबूल करणे जड जाते, तेव्हा माणूस तोल जाण्याचेच गोडवे मोठ्याने गाऊ लागतो. आमच्या शिक्षकी पेशात हे पुष्कळ वेळा पाहायला मिळते, विद्यार्थ्यांत आणि सहकाऱ्यांतही.

याच चित्रपटात विद्येसाठी लताबाई गातात आणि मायेसाठी आशाबाई. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात झाला. आमच्या छत्रीबागेपासून ती वस्ती फार लांब नाही. दोघी दीनानाथांच्या मुली, बलवंत संगीत मंडळीच्या पडद्यांच्या सावलीत वाढलेल्या. एकाच घरातल्या दोन आवाजांनी एकाच चित्रपटात शाळा आणि क्लब वाटून घेतले. पुढे हा वाटा हिंदी चित्रसृष्टीचा अलिखित नियमच होऊन बसला आणि त्याचे ओझे आशाबाईंनी बराच काळ वाहिले. क्लबचे गाणे म्हणजे कमी प्रतीचे गाणे, ही समजूत त्यातून पक्की झाली. तिच्यात सांगीतिक तथ्य किती? विद्येच्या विरहगीताला जितका श्वास लागतो, तितकाच श्वास, आणि शिवाय लयीशी खेळण्याची हुशारी, मायेच्या गाण्याला लागते. संगीत नाटकाच्या रंगभूमीवर खलनायिकेचे पद उणे मानले जात नसे. बोलपटाने ते उणे ठरवले.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. मी पेशाने मुख्याध्यापक आहे. या चित्रपटात शाळा आहे आणि क्लब आहे. चित्रपट म्हणतो की शाळा खरी आणि क्लब खोटा. संवाद तसे म्हणतात, शेवट तसे म्हणतो. पण कारागिरी कुणाच्या वाट्याला आली? कापड, दिवे, वाद्यमेळ, सगळे क्लबच्या. शाळेत मुले आहेत, फळा आहे, सद्विचार आहेत आणि सपाट उजेड आहे. न्यायाने बोलायचे तर विद्येला दिग्दर्शकाने उपाशी ठेवलेले नाही. पावसातल्या रस्त्यावर, एका छत्रीखाली तिला जे गीत मिळाले, त्याची प्रकाशयोजना क्लबहूनही सुंदर आहे. फुटपाथवरच्या गरिबांनाही दत्ताराम यांचा तो नाचता ठेका मिळाला. कोरडी राहिली ती शाळा. विद्या शिकवीत असते तेव्हा ती उदाहरण असते. शाळेबाहेर पडली की ती स्त्री होते.

एकदा नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर ही दोन्ही दृश्ये दाखवून मी विचारले, की दिग्दर्शकाला काय आवडत असावे? घरी हिंदी बोलणाऱ्या एका मुलीने चांगल्या मराठीत उत्तर दिले, “सर, शाळेत सगळे नुसते बोलतात. क्लबमध्ये सगळं दिसतं.” याहून नेमकी समीक्षा मला साधलेली नाही. अब्बास-साठे यांचे शब्द एका बाजूला आहेत आणि आचरेकर-अथय्या-कर्मकार यांचे हात दुसऱ्या बाजूला. हा चित्रपटाचा दोष म्हणावा का? पुष्कळ वर्षे मला वाटे, की हा ढोंगीपणा आहे: लोकांना झगमगाट विकायचा आणि वर त्याचा निषेध करायचा. आज मी तसे म्हणणार नाही. क्लब कळाहीन दाखवला असता तर नायकाच्या पतनाला काही अर्थच उरला नसता. मोह हा मोहक असतो, एवढे सत्य तरी त्या कारागिरांनी पाळले. म्हणून वर म्हटलेला ममतेचा अर्थ. त्या कापडावर आणि उजेडावर त्यांनी जीव लावलेला आहे. प्रश्न उरतो तो शाळेचा. तिच्यावर तितकाच जीव लावणे कोणाला सुचले नाही, चित्रपटातही आणि बाहेरही. आपल्या सीमेवरच्या आणि सीमेबाहेरच्या मराठी शाळांचे वर्ग, त्यांच्या भिंती, त्यांच्या स्नेहसंमेलनांचे ते एकुलते दोन फोकस आठवा. मुलांनी आपली भाषा का सोडली यावर आपण परिसंवाद भरवतो. ती भाषा ज्या खोलीत शिकवली जाते, त्या खोलीत उजेड कुठून येतो, हे पाहायला कोणी जात नाही.

मास्तर आणि क्लब यांची गाठ मराठीत एकदा फार ठळकपणे पडली, ती ‘पिंजरा’मध्ये (१९७२). व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटामागे ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) हा जर्मन बोलपट आहे, हे सर्वश्रुत आहे. हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीवरून योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी तो केला. शिस्तप्रिय प्राध्यापक राठ विद्यार्थ्यांना पकडायला कॅबरेत जातो आणि लोला-लोला या गायिकेच्या पायी धुळीला मिळतो. मार्लेन डीट्रिश त्यातून जगाला ठाऊक झाली. स्टर्नबर्ग यांचा कॅबरे ऐसपैस नाही. अरुंद रंगमंच, लोंबणारी जाळी, दोर, पुठ्ठ्याच्या आकृती, एकमेकांना खेटून बसलेल्या जाड्या बायका. कापड इथे इतके आहे की माणसाला त्यातून वाट काढावी लागते. बोलपट नुकताच बोलू लागला असताना स्टर्नबर्ग यांनी आवाजाचा एक साधा प्रयोग केला. नटांच्या खोलीचे दार उघडले की बाहेरचे गाणे आत लोटते. मिटले की एकदम शांतता. प्राध्यापकाच्या स्वतःच्या घरात शांतताच आहे, पाळलेला पक्षीही मरून पडलेला. दाराच्या एका बाजूला जीवन, दुसऱ्या बाजूला नियम.

शांताराम, शंकर पाटील आणि अनंत माने यांनी हा कॅबरे तमाशाच्या फडात आणला. वरवर पाहता ही नुसती अदलाबदल: टोपी जाऊन नऊवारी आली, पियानो जाऊन ढोलकी आली. पण एक फरक मूलभूत आहे. फडाला दार नसते. फडाला कनात असते. कापडाची भिंत माणसाला अडवते, तिकिटाला अडवते, सुराला अडवत नाही. राम कदम यांच्या चाली आणि उषा मंगेशकर यांचा आवाज गावभर पोचतो. जर्मन प्राध्यापकाला निदान दार मिटून घेता येत होते. आपल्या गुरुजींना ती सोय नाही. गाव आणि फड यांच्यामध्ये फक्त एक कापड आहे, आणि ते वाऱ्याने हलते. डॉ. श्रीराम लागूंचे गुरुजी कनातीआड ओढले जातात तेव्हा मला तो पराभव अधिक मराठी, आणि म्हणून अधिक भयंकर वाटतो. पुढे गावात त्यांचा पुतळा उभा राहतो आणि ते स्वतः फडाबरोबर पडेल ते काम करीत फिरतात. पुतळ्याला ना कापड, ना सूर.

रंगांच्या बाबतीत मात्र ‘पिंजरा’ मला नेहमी थोडा जास्तच वाटत आला आहे. संध्याबाईंच्या लुगड्यांचे रंग एकमेकांशी भांडतात. खऱ्या फडावर बत्तीच्या पिवळट उजेडात तेच रंग सौम्य होतात, एकमेकांत मिसळतात. जरीकाठ तेवढा मधूनच चमकतो. स्टुडिओच्या भरपूर दिव्यांत सगळेच ओरडू लागले. शांताराम यांना रंगाची हौस फार. ‘श्री ४२०’च्याच वर्षी त्यांनी ‘झनक झनक पायल बाजे’ रंगांत काढला होता. पण उजेड कमी करण्याची कला ही निराळी विद्या आहे, आणि ती कृष्णधवलवाल्यांना अधिक साधली होती.

हिंदीतल्या क्लबचेही पुढे तेच झाले. विजय आनंद यांच्या ‘तीसरी मंझिल’पर्यंत (१९६६) क्लबला माणसे होती, तिथला नायक बँडमध्ये ड्रम वाजवतो, ती त्याची नोकरी आहे, आणि हेलनबाईंच्या नाचाला कथेत जागा आहे. ‘कारवाँ’पर्यंत (१९७१) हेलनबाई आणि आशाबाई यांच्या गुणांवर सगळा डोलारा उभा होता, खोली नुसती भोवती फिरत होती. ‘कुर्बानी’पर्यंत (१९८०) दिवेच नायक झाले. नाझिया हसन यांचे गाजलेले गाणे बिड्डू यांनी लंडनमध्ये बांधले. गोव्याच्या वादकांचा काळ उतरणीला लागला होता. टेबले गेली, टेबलांवर बसून चालणारे व्यवहार गेले, राहिली नाचण्याची फरशी. ज्या क्लबमध्ये समाज बसत नाही, तो क्लब समाजाविषयी काही सांगूही शकत नाही. अपवाद म्हणून मधुर भांडारकर यांच्या ‘चांदनी बार’चे (२००१) नाव घ्यावे लागेल. तिथला उजेड मुद्दाम कुरूप आहे, कपडे स्वस्त झगझगीत आहेत, आणि तब्बूच्या चेहऱ्यावर तो उजेड पडतो तेव्हा ती कामावर आलेली बाई दिसते, माया दिसत नाही. पुढे २००५ साली महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती अवैध ठरवली. त्या वादात नीतीविषयी पुष्कळ आणि त्या बायकांच्या पोटाविषयी थोडे बोलले गेले. तो वेगळा विषय आहे. असो.

आज आमच्या इंदुरातही रात्रीची ठिकाणे झाली आहेत. तिथे जाऊन आलेले माजी विद्यार्थी वर्णन करतात ते ऐकून वाटते, की ही सजावट खऱ्या परदेशी क्लबांवरून कमी आणि चित्रपटांवरून जास्त बेतलेली असावी. म्हणजे आचरेकरांनी लाकूड आणि कापडातून केलेली नक्कलच आता मूळ ठरली.

आणि त्या मूळ कापडाचे काय झाले? सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली. जुन्या चित्रपटांतले जपून ठेवलेले पोशाख आणि वस्तू तिच्यात गेल्या. १९४८ साली उभी राहिलेली ती वास्तू २०१९ मध्ये घरबांधणीसाठी विकली गेली. भानू अथय्यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले होते. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ती मूर्ती आपल्या माघारी इथे नीट सांभाळली जाणार नाही, या काळजीने त्यांनी २०१२ साली ती अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवून दिली. त्यांचे निधन १५ ऑक्टोबर २०२० रोजी झाले.